बावड्यात जेवायला कुठं बसायचं?

कोल्हापुरातून कसबा बावड्याच्या रस्त्याला लागलं की दर दहा पावलांवर काहीतरी शिजत, तळत किंवा उकळत असतं. कारण रस्ताच तसला आहे. पोलीस मुख्यालय, न्यायसंकुल, लाइन बझार, डी. वाय. पाटलांची कॉलेजं, शुगर मिल आणि शेवटी पंचगंगा ओलांडून शिये. तारखेला आलेला पक्षकार सकाळी अकराला भुकेजतो, हॉस्टेलवरचं पोरगं रात्री अकराला. उसाची ट्रॉली घेऊन वजनकाट्याच्या नंबरला थांबलेल्या ड्रायव्हरला तर भूक कधी लागेल याचा नेम नाही. एकेकाळचं हे गाव, आता महापालिकेत आहे. पण बोलताना लोक अजून ‘गावात जाऊन येतो’ असं म्हणतात ते बावड्यालाच, कोल्हापूरला नव्हे.

माझी आत्ती इथली. विद्यार्थ्यांची मेस आणि डबे यावर तिनं पोरं शिकवली. मी पुण्यात नोकरी करतो आणि सुटीला आलो की जुनं बावडं हरवलं म्हणून हळहळतो. तिला त्याचं काहीच वाटत नाही. वयं बघता हे उलट असायला हवं होतं. पुढचा वाद दिवाळीत तिच्या सोप्यात झाला. जुन्या कोल्हापुरी बायकांसारखी ती ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलते, ते तसंच ठेवलं आहे. बोलण्यातलं थोडं तिखट मात्र काढलं आहे.

मी: आत्ती, भगव्या चौकातनं चालत आलो. मोमो, शवर्मा, मंचुरियन, लोणी डोसा, पुन्हा मोमो. पूर्वी संध्याकाळी या रस्त्याला रश्शाचा वास यायचा. आता सोया सॉसचा येतो.

आत्ती: वास यायचा म्हंतोस, कुणाच्या घरातनं?

मी: कुणाच्या म्हणजे? सगळ्यांच्या. रविवारी तर गल्लीच्या तोंडापासून.

आत्ती: मग अजून येतोय की. रविवारी ये. आज बुधवार हाय. घरातला रस्सा घरातच हाय रे, तो कुठं गेला न्हाई. रस्त्यावर जे इकत्यात ते रस्त्यावरच्या माणसासाठी. तू दोन्हीची मिसळ करायलास.

मी: मिसळीचं बरं आठवलं. बावडा मिसळ खायला लोक पुण्या-मुंबईहून वाट वाकडी करून येतात. आणि इथली कॉलेजची पोरं मोमोच्या गाडीवर रांग लावतात. खटकत नाही तुला?

आत्ती: मिसळ सकाळची, मोमो सांजचं. भांडण कुठं हाय त्यांचं?

मी: भांडण चवीचं आहे. मिसळीचा कट, ती चटणी, ही या मातीतली चव आहे.

आत्ती: मातीतली! चटणीची मिरची ब्याडगी आन संकेश्वरी, म्हंजे कर्नाटकातली. नारळ कोकणातनं घाट चढून आलेला. मिसळीसंगं तू खातोस तो बेकरीचा जाड स्लाइस. मातीतला म्हनावा तर गूळ तेवढा आपला. बाकी सगळं बाहेरचं आन हात आपला. मोमोत तरी काय येगळं? कोबी शियेचा आसल आन हात नेपाळचा.

(गुळाचं तिचं म्हणणं सरकारलाही मान्य आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते मी तिला सांगितलं नाही. तिची बाजू आधीच जड होती.)

मी: पण हाताला महत्त्व आहे ना? त्या गाडीवरच्या मंचुरियनमध्ये हात कुठे आहे? तिन्ही सॉस बाटलीतले, एकाच एजन्सीकडचे. बावड्यात, राजारामपुरीत, पुण्यात कोथरूडला, कुठेही खा, चव तीच. लोक म्हणतात बावड्यात आता व्हरायटी आली. पाट्या शंभर आणि चव तीन बाटल्यांची, याला व्हरायटी म्हणायचं?

आत्ती: हे मातर खरं बोललास.

(ती अशी एकदम कबूल होते तेव्हा सावध राहावं लागतं.)

आत्ती: पर मग तुझ्या ‘अस्सल कोल्हापुरी’ पाट्यांचं बी बोलू या. ‘तांबडा-पांढरा अनलिमिटेड’ लिवलेलं वाचलंस न्हवं? रस्सा कसा हुतो ठावं हाय का तुला?

मी: मटण शिजवायचं, मसाला घालायचा.

आत्ती: इथंच तू पुन्याचा झालास. आदी अळणी. मटन, मीठ, हळद, आलं-लसूण, येवढ्यावरच शिजवायचं. त्याचं जे पानी उतरतंय तेच्यावर सगळा खेळ. निम्मं एका पातेल्यात घेतलं, नारळाचं दूध, तीळ, खसखस लावली, तो पांढरा. निम्म्याला भाजल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटन आन चटनीची फोडनी दिली, तो तांबडा. दोगं एकाच आईचं. आता सांग, किलोभर मटनाचं अळणी निघून निघून किती निघंल?

मी: चार-पाच लिटर?

आत्ती: तेवढं बी वडून-तानून. मग एकेक गिऱ्हाईक सा-सा वाट्या पितंय, पाटीवर अनलिमिटेड हाय, त्यो रस्सा येतोय कुठनं? नळातनं. वर तवंग दिसाय पायजे म्हनून तेल, लाल दिसाय पायजे म्हनून रंग. तुझं मंचुरियन बाटलीतलं आन ह्यो अस्सल रस्सा नळातला. मंचुरियनवाला तरी घरगुती म्हनून खोटं बोलत न्हाई.

मी: सगळे तसे नाहीत. शहरात चांगल्या खानावळी आहेत अजून.

आत्ती: हाईत की. त्या मोजून वाडत्यात. तुमाला मोजलेलं चालत न्हाई.

इथं मी विषय जरा फिरवला. कोल्हापूरच्या बाहेर कोल्हापूरचं काय झालंय ते तिला सांगायचं होतं. पुण्यात, दिल्लीत, अगदी लंडनच्या मेन्यूकार्डावरही ‘कोल्हापुरी’ म्हणजे नुसतं लालभडक आणि जळजळीत. ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाची भाजी तर कोल्हापुरातल्या कुठल्याच आजीनं कधी केलेली नाही; पंजाबी ग्रेव्हीत मिरची वाढवून हॉटेलांनी ती जन्माला घातली. खरा तांबडा तिखट असतो, पण पहिल्या घोटाला मटणाची गोडी लागते आणि तिखट मागाहून येतं. ही चव इथंच टिकली नाही तर कुठं टिकणार, हा माझा मुद्दा. यावर आत्तीनं मला मेसच्या गोष्टी ऐकवल्या.

आत्ती: इंजिनेरिंगचं कॉलेज झालं चौऱ्याऐंशी सालात, डॉक्टरकीचं त्याच्यामागनं पाच वर्षांनी. त्याच्याआदी बावड्यात परक्या मुलखातलं पोरगं दिसलं तर ते मिलमधी नाहीतर पोलीस लायनीत. मग एकदम लोंढा आला. बिहारचं, गुजरातचं, केरळचं. पयल्या दिवशी एका पोराला मी आमटी वाडली. एक घास खाल्ला आन डोळ्यातनं पानी. म्हनतंय, आंटी, थोडा कम. दुसऱ्या दिवशी त्याला अळणीवरचा भात दिला. वाटी चाटून पुसून खाल्ली. त्याच पोरानं मला राजमा शिकवला. आता बुधवारी आमच्या घरात राजमा आसतोय, तुझ्या वयनीला बी आवडतोय.

मी: म्हणजे तू बदललीस, पोरं नाही बदलली.

आत्ती: दोगं बी. चौथ्या वर्षाला त्येच पोरगं आईला फोनवर सांगत हुतं, गावाकडं आल्यावर चटनी घिऊन येतो म्हनून. आन मी काय उपकार केलं? पोरं तिखटानं पळाली आसती तर माजा धंदा बसला आसता. ज्याला खायाला घालायचं त्याच्या तोंडाकडं बगावं लागतंय. तू बगतोस पाटीकडं.

हा तिचा खरा मुद्दा, आणि तो मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघत बघतच तर सगळीकडं एकच चव झाली. पण तिच्याकडं दुसराही दाखला होता. तिची थोरली जाऊ मुंबईत लालबागला खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा कोल्हापूर, सातारा, कोकणातल्या बायका एकेका खोलीत वीस-वीस गिरणी कामगारांना जेवायला घालत. याच खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२ च्या संपानं गिरण्या थंडावल्या आणि खानावळीही.

आत्ती: तवा मुंबईत आमची जाऊ म्हंजे हा मोमोवालाच की. परकी, खोलीत धा पातेली, रातंदिस धूर. तिथल्या मूळच्या लोकांनी नाकं मुरडली आसतीलच, कसला वास सोडल्यात घाटी म्हनून.

मी: पण तिनं घरचं जेवण घरच्याच माणसांना घातलं. चव राखली तिनं.

आत्ती: राखली. पहाटं तीनला उटून, भाकऱ्या थापून राखली. तिचं गुडघं बगितलंस? माजं बग. तुजी परंपरा ह्या गुडघ्यात हाय बाबा. मेस बंद केली तवा तू फोनवर हळहळलास, आत्ती, चव गेली म्हनून. गुडघं कसं हाईत इचारलं न्हाईस.

मी गप्प. खरंच विचारलं नव्हतं.

आत्ती: आन दुसरं सांगतो. तू जुन्या हाटेलांची आठवन काढतोस, बाकडी, कपबशा, पितळी जग. मी नांदायला आलो तवापासनं ती हाटेलं बगितली, पर बाहेरनं. बाईमानसानं हाटेलात बसायचं न्हाई. ह्येनी किटलीतनं कट आनायचा आन म्या ताटलीत वाडून द्यायचा. मागनं ‘फॅमिली रूम’ निघाल्या. मळका पडदा, आत एक टेबल. त्या पडद्याआड बसून खायाची लाज वाटायची, चोरी केल्यासारकी. उघड्यावर, चारचौघांत बसून पयल्यांदा मी काय खाल्लं आसंल? लोणी डोसा. गाडीवर. नातीसंगं गेलो हुतो. गाडीवाल्यानं इचारलं, आजी, चटनी वाडू का? आजपातूर मला कुनी काय वाडू का म्हनून इचारलं नव्हतं. वाडनारी मीच.

मी: दावणगिरीचा डोसा!

आत्ती: दावणगिरीचा. तुज्या मातीतल्या हाटेलात मला बाकडं नव्हतं, दावणगिरीनं स्टूल दिलं.

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी शाहू महाराजांचा आधार घेतला. कोल्हापुरात वादात हरायला लागलं की महाराज कामाला येतात, आणि बावड्यात तर हक्कानं: २६ जून १८७४ ला त्यांचा जन्म इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये झाला. मी म्हणालो, जुन्या हॉटेलांत सगळ्यांना जागा नव्हती हे कबूल, पण ती जागा करून देणारंही कोल्हापूरच होतं. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तिला माहीत होती, इथं कुणाला नसते? राजवाड्याच्या नोकरीत असताना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून या दलित माणसाला बेदम मार बसला. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढून दिलं, सत्यसुधारक हॉटेल. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे.

मी: बघ. हॉटेलात कुणी बसायचं हा प्रश्न इथं शंभर वर्षांपूर्वी राजानं सोडवला होता.

आत्ती: सोडवला न्हवं, उकरला. राजा गाडी थांबवत हुता तवर लोक प्यायलं. महाराज गेल्यावर किती जन थांबलं आसतील त्या दारात? आन माजं सासरं जयंतीला महाराजांच्या फोटोला हार घालायचं, पर दुसऱ्या गल्लीतल्या घरात पानी प्यायचं न्हाईत. आता गाडीवर मोमो खाताना कोन इचारतंय कुनी लाटला म्हनून? पोरगं नेपाळचं हाय का आसामचं, जात काय, काय बी ठावं न्हाई. खात्यात. राजाला गाडी थांबवावी लागली ते काम ह्या सॉसच्या बाटलीनं करून टाकलं.

मी: हे फार झालं, आत्ती. न विचारणं म्हणजे समता नव्हे. त्या पोराला बावड्यात भाड्यानं खोली शोधायला सांग, मग बघ नाव, गाव, जात सगळं विचारतात की नाही. गंगारामच्या हॉटेलात पिणाऱ्याला माहीत होतं आपण कुणाच्या हातचं पितोय, आणि तरी तो प्यायचा. तेच तर मोठं होतं त्यात.

आत्ती: (थोडं थांबून) खोलीचं खरं हाय. मागल्या गल्लीत दिली न्हाई एकाला.

एवढ्या वादात मला एक गुण मिळाला तो इथं. लगेच दुसरा मिळवायला गेलो. म्हटलं, नव्या जागांनी बायकांना खुर्ची दिली, परप्रांतातल्या पोराला गाडी दिली, मान्य. पण दार त्यांनाही आहे, ते दराचं. काचेच्या दारामागं तीनशेचा पास्ता. हंगाम सुरू झाला की मिलच्या परिसरात बीडकडची ऊसतोड मंडळी उतरतात. या एवढ्या व्हरायटीतलं त्यांच्यासाठी काय आहे?

आत्ती: वडापाव. आन त्यांच्या बायका पहाटं उटून, पालापुढं तीन दगडांवर भाकरी थापत्यात, मग कोयता घिऊन फडात. त्यांच्यासाटी तुज्या जुन्या हाटेलात तरी काय हुतं?

मी: चहा-भजी होती. परवडायची.

आत्ती: मग तसं म्हन की! चव गेली म्हनू नगं, स्वस्ताई गेली म्हन. ते मला पटंल. मटनाचंच बग.

मटणाचं बघणं भाग आहे, कारण दराच्या बाबतीत हे शहर मागं हटत नाही. २०१९ च्या अखेरीस मटणाच्या किलोच्या भावावरून कोल्हापुरात गिऱ्हाईक आणि विक्रेते आमनेसामने आले. दुकानं बंद राहिली, बैठका झाल्या, दर ठरवायला समिती बसली, आणि बावडेकरही या भांडणात हिरीरीनं उतरले होते. दुसऱ्या कुठल्या शहरानं रश्शापायी असा लढा दिला असेल असं मला वाटत नाही. इथं हॉटेल हा खाण्याचा दुय्यम प्रकार आहे, हेही त्यातून कळतं. मित्रांचं रस्सा मंडळ, शेतातल्या चुलवाणावरचं पातेलं, आषाढात त्र्यंबोली देवीला नवं पाणी वाहिल्यावर ‘पी ढबाक’ वाजणाऱ्या वाद्यांच्या तालात घातलेलं गल्लीजेवण: खरं जेवण तिथं होतं, आणि त्याला पाटी नसते. भाव वाढला की या सगळ्याची वर्गणी वाढते, म्हणून लोक पेटले.

मी: म्हणजे चव अजून टिकून आहे ती हॉटेलांच्या बाहेर.

आत्ती: मी सुरवातीला काय सांगितलं? आन गरज पडली की सगळं इसरत्यात. पंचगंगेच्या बंधाऱ्यावर पानी त्रेचाळीस फुटाला गेलं की धोका, म्हनत्यात. एकोनीसच्या आन एकवीसच्या पुरात पंचावन्नाच्या वर गेलं. शियेचा रस्ता पान्यात, नळाला पानी न्हाई, गाड्या बंद, हाटेलं बंद. आठ दिस बावड्यानं खिचडी खाल्ली. कुनी इचारलं न्हाई ही कोल्हापुरी का गुजराती.

मी: पाणी ओसरल्यावर विचारायला हरकत नाही ना? आत्ती, खरं सांगू का? माझ्या डोक्यात आहे की कॉलेजच्या रस्त्याला एक छोटी खानावळ काढावी. चाळीस ताटं, जास्त नाही. अळणीपासून सगळं नीट. रस्सा मोजून.

आत्ती: रांधनार कोन? तू?

मी: मी नोकरी सोडून कसा...

आत्ती: मग तुजी बायकू?

मी: नाही नाही. आचारी ठेवीन.

आत्ती: आपल्याकडचा आचारी हंगामात लग्नाच्या आर्डरी सोडून तुज्या चाळीस ताटांपायी येनार न्हाई. मिळंल तो बिहारचा नायतर नेपाळचा.

मी: मिळू दे की. शिकवू त्याला. तूच म्हणतेस ना, हात कुणाचाही असू दे.

आत्ती: मी कवा म्हनलो न्हाई, ‘हात कुनाचा बी’. शिकवायचं कुनी? तुला तर अळणी ठावं नव्हतं मगाशी.

मी: तू शिकवायचं. महिनाभर. खुर्ची टाकून बसायचं, गुडघ्याला त्रास नको. तू नुसतं सांगायचं, तो करेल.

आत्ती: खुर्ची पुढच्या खोलीत टाकनार का भटारखान्यात?

मी: भटारखान्यात. शिकवायला तिथंच लागेल ना.

आत्ती: शिकवतो की. चांगलं शिकवतो. मटन सकाळी मी बगून घेनार, तू न्हाई. पाटीवर ‘अस्सल’ लिवायचं न्हाई, ‘अनलिमिटेड’ तर न्हाईच. ताट दोनशेच्या आत बसत न्हाई, तवा तुज्या ऊसतोडवाल्यांचं काय करनार ते तू ठरीव. आन त्या पोराची खोली आदी बगायची, त्यो कामाला येन्याआदी. आता माज्या पगाराचं बोल.

मी: आत्तीला पगार?

आत्ती: त्या पोराला देनार हाईस न्हवं?

मी: त्याला द्यावाच लागेल.

आत्ती: मग मला त्याच्यापेक्षा जास्त. आकडा बोल.